कंस उलटा पडला, तर कोणाला सांगायचे?

समजा, घरात निकाहची पत्रिका तयार होत आहे. वरचा मजकूर उर्दूत, खालचा मराठीत. मुलाने लिब्रेऑफिस उघडले आहे, कारण ते फुकट मिळते. उर्दू ओळीत कंसात तारीख टाकली आणि कंस भलत्याच बाजूला जाऊन बसला. अशा वेळी आपण काय करतो? दोनदा पुसून पाहतो, शेवटी तो मजकूर दुसरीकडे लिहून चित्र म्हणून चिकटवतो. पत्रिका छापून होते, पण चूक सॉफ्टवेअरमध्ये तशीच राहते.

लिब्रेऑफिस हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. २०१० साली ते ओपनऑफिसपासून वेगळे झाले. त्याचे काम पाहणारी संस्था, द डॉक्युमेंट फाउंडेशन, बर्लिनला आहे. त्याचा कोड जसा सर्वांना खुला, तशीच चुकांची नोंदवहीही खुली. या नोंदवहीला बगझिला म्हणतात. खाते उघडले की कोणीही तिच्यात तक्रार लिहू शकतो. त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

उलट इथे आपल्यासारख्या घरांची खरी गरज आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. तरी लिब्रेऑफिस या दोन्ही लिपी एकाच गटात धरते आणि दोघींसाठी फॉन्टचा रकानाही एकच ठेवते. ज्याला यांतली एकही लिपी वाचता येत नाही, त्या प्रोग्रामरला कंस उलटा पडला हे दिसणार कसे? ते आपल्या आपाला, अम्मीला एका नजरेत दिसते.

मात्र तक्रार कशी लिहायची, हे कळले पाहिजे. शिलाई मशीनच्या मेकॅनिकला नुसते 'मशीन बिघडली' म्हटले तर तो काय करणार? जाड कापडावर, उलट टीप घालताना दोरा तुटतो असे सांगितले की त्याचा हात नेमक्या जागी जातो. इथेही तसेच. नवी फाइल उघडली, उजवीकडून लिहिण्याची दिशा निवडली, अमुक शब्द लिहून पुढे कंस टाकला, असे एकेक पाऊल लिहावे. काय व्हायला हवे होते आणि काय झाले, तेही लिहावे. विंडोज किंवा लिनक्सवर हेल्प मेन्यूतल्या 'अबाउट लिब्रेऑफिस'मध्ये व्हर्जनची माहिती असते, ती जशीच्या तशी चिकटवावी. इंग्रजी साधी, मोडकीतोडकी असली तरी भागते.

लिहिण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. तीच तक्रार आधी कोणी केली आहे का, हे शोधावे. मग हेल्प मेन्यूतूनच सेफ मोडमध्ये प्रोग्राम सुरू करून पाहावा. तिथे सगळे ठीक चालले, तर दोष बहुधा आपल्याच सेटिंगचा असतो.

आणि एक सावधगिरी, जी बरेच जण विसरतात. जोडलेली फाइल साऱ्या जगाला दिसते. खरी पत्रिका जोडू नका. वधू-वरांची नावे, पत्ता, फोन नंबर काढून दोन ओळींची वेगळी फाइल बनवा. लहान फाइलमध्ये चूक शोधणेही सोपे जाते.

नवी तक्रार आधी 'अनकन्फर्म्ड' राहते. दुसऱ्या कोणाच्या संगणकावर तीच चूक दिसली की ती 'न्यू' होते. हे तपासणारेही बहुतेक स्वयंसेवकच असतात, म्हणून वेळ लागतो. दुरुस्ती होईलच याची हमी नाही. पण मध्येच कोणी काही विचारले, तर ईमेल येतो. तो पाहत राहा. उत्तर गेले नाही, तर काही महिन्यांनी तक्रार बंद होते आणि उर्दूतला तो कंस उलटाच राहतो.