गादीवर बसणाऱ्यांची पाठ

मूळजी जेठा मार्केट, मंगलदास मार्केट, झवेरी बाजार या पेठांचा व्यवहार पिढ्यानपिढ्या गादीवर चालत आला. पांढरी चादर, तक्क्या, पुढ्यात गल्ला आणि वही, अशा बैठकीवर सकाळी घातलेली मांडी अनेकदा दुपारच्या जेवणालाच मोडत असे. आता पुष्कळ पेढ्यांवर गादीची जागा खुर्चीने आणि वहीची जागा संगणकाने घेतली आहे. बसण्याचे तास मात्र कमी झालेले नाहीत. दादरच्या कापडदुकानांत आणि लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत दिवसभर उभे राहणे, वाकणे, उचलणे असते. साठी ओलांडली की या साऱ्याचा हिशोब कंबर मागू लागते.

त्यानंतर बहुतेक घरांत दोनच गोष्टी घडतात. एक तर ‘वय झाले’ म्हणून दुखणे अंगावर काढले जाते, नाहीतर एमआरआयचा अहवाल हाती पडताच शस्त्रक्रियेच्या भीतीने सारे घर धास्तावते. दोन्हींमुळे मनुष्य हळूहळू हालचाल सोडतो. प्रथम दुकान सुटते, मग देरासर, मग जिना उतरणे. खरे नुकसान वेदनेपेक्षा या सुटण्यात असते.

अहवालातील अक्षरे आणि वेदना

कंबरदुखी हा जगभरचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता आणि 2050 पर्यंत ही संख्या 84 कोटी 30 लाखांवर जाईल. यातील बहुसंख्य रुग्णांत एखादा विशिष्ट आजार सापडत नाही.

दोन मणक्यांमधील चकतीला प्रौढ वयात थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शरीर हलते, दाब कमी-जास्त होतो आणि त्यातून तिला पोषण मिळते. त्यामुळे एकाच स्थितीत ताठून राहणे तिला मानवत नाही. वयाबरोबर ती कोरडी आणि पातळ होणे हेही स्वाभाविक आहे. कंबर मुळीच दुखत नसलेल्या सुमारे 3,100 व्यक्तींच्या चित्रांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या वयोगटातील 88 टक्के लोकांत चकतीची झीज आणि 69 टक्के लोकांत चकतीचा फुगवटा दिसला. अर्थात, अहवालात ‘झीज’ किंवा ‘बल्ज’ लिहिले आहे एवढ्यावरून वेदनेचे कारण सापडले असे होत नाही. रुग्णाला तपासून डॉक्टर अहवालाचा अर्थ लावतात. केवळ अहवाल वाचून शस्त्रक्रिया ठरत नाही.

पट्टा नव्हे, पाय

दीर्घकाळ टिकणाऱ्या कंबरदुखीवर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दुखण्याविषयी योग्य माहिती, नियमित व्यायाम, काही शारीरिक उपचार, मानसिक आधार आणि गरजेपुरती औषधे यांची शिफारस त्यांत आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून मणका ताणण्याचा उपचार सर्रास वापरू नये, असेही त्यांत म्हटले आहे. आठ-पंधरा दिवस अंथरूण धरण्याचा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. तीव्र वेदनेत एक-दोन दिवस आराम घ्यावा. त्यानंतर झेपेल तेवढे हिंडूफिरू लागावे.

सर्वांत स्वस्त उपाय चालण्याचा आहे. ऑस्ट्रेलियात 701 प्रौढांवर झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली, हळूहळू वाढवत, आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट दिले होते. बऱ्या झालेल्या कंबरेने पुन्हा डोके वर काढेपर्यंतचा मध्यम काळ चालणाऱ्यांत 208 दिवसांचा, तर इतरांत 112 दिवसांचा निघाला. गिरगावकरांना चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह, दादरकरांना शिवाजी पार्क, माटुंग्याच्या बाजूला राहणाऱ्यांना पाच उद्याने जवळ आहेत. प्रारंभ दहा मिनिटांनी करावा आणि दर आठवड्यास थोडी वाढ करावी.

चालताना दोन्ही पाय भरून येतात, बधिर होतात आणि बसल्यावर किंवा कठड्यावर पुढे झुकल्यावर लगेच बरे वाटते, असे असेल तर मज्जारज्जूची नळी अरुंद झालेली असू शकते. अशा वेळी तज्ज्ञांना दाखवावे.

दुकान, घर आणि देरासर

दर अर्ध्या तासाने आसन मोडावे. फोनवरचे बोलणे उभ्याने करावे. खुर्चीत कंबरेमागे लहान उशी असावी आणि पाय जमिनीवर टेकावेत. कापडाचा ताका किंवा मालाचे पोते उचलताना गुडघे वाकवावेत, ओझे छातीजवळ धरावे आणि ओझ्यासह कंबर पिळू नये. रोज लागणारा माल कंबरेच्या उंचीच्या फळीवर ठेवल्यास निम्मे वाकणे वाचते. चाळीच्या जिन्यावर कठडा धरावा आणि पिशवी दोन हातांत विभागावी.

सामायिक 48 मिनिटांचे असते. कंबर आणि गुडघे कुरकुरत असतील तर कटासण्याखाली, बैठकीच्या मागील भागी घडी करून उंची द्यावी, म्हणजे पाठ आपोआप सरळ राहते. खमासमणे देताना घाईने कंबरेतून न वाकता आधी गुडघे टेकवावेत. जमिनीवर बसणे अशक्यच असेल तर गुरुमहाराजांना विचारून खुर्चीचा आधार घेता येतो. संकोचाने आराधनाच सोडून देण्यापेक्षा हे बरे.

उपवास आणि वेदनाशामक गोळ्या

येथे विशेष सावधगिरी हवी. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेल्या अनेक वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी जठराला व्रण पाडू शकतात. उपवासात शरीरात पाणी कमी पडले, त्यातच रक्तदाबाची काही औषधे चालू असली, तर या गोळ्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अठ्ठाई किंवा वर्षीतप करणाऱ्या ज्येष्ठांनी तपाचा संकल्प डॉक्टरांना आधी सांगावा. चौविहार पाळणाऱ्यांनीही तसे स्पष्ट सांगितल्यास गोळ्यांच्या वेळा नवकारशीनंतर आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर बसवता येतात. ‘रात्रीची गोळी’ मुकाट्याने गाळणे किंवा सर्व गोळ्या एकदम घेणे, दोन्ही चुकीचे.

हाडांची पुंजी

रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. मग पाण्याची बादली उचलणे किंवा जोराची शिंक एवढ्यानेही मणका दबू शकतो. उंची कमी होणे, पाठीला बाक येणे या त्याच्या खुणा होत. साठीच्या पुढील स्त्रियांनी डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. दूध, दही, नाचणी, राजगिरा यांतून कॅल्शियम मिळते. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्या आणि तीळ वर्ज्य असल्याने त्या महिन्यांत दुग्धपदार्थांकडे अधिक लक्ष द्यावे.

मुंबईत ऊन मुबलक असले तरी दुकानात दिवस घालवणाऱ्याच्या अंगावर ते पडत नाही. म्हणून ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. साठ हजार युनिटची साप्ताहिक मात्रा मात्र सल्ल्याविना महिनोन्‌महिने चालू ठेवू नये, कारण तिचाही अतिरेक बाधतो. पायांतील मुंग्या प्रत्येक वेळी मणक्यामुळेच येतात असे नाही. शाकाहारी व्यक्तींत ब-12 कमी असणे हेही त्यांचे कारण असू शकते.

विलंब चालणार नाही अशा खुणा

लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत व बैठकीच्या भागी बधिरपणा, पायातील शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर उठलेली तीव्र कळ, पूर्वी कर्करोग झालेला असणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना यांकडेही दुर्लक्ष नको. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे आणि पाठदुखी एकत्र असतील तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. मुंबईत हा रोग दुर्मीळ नाही. आणि वेळेवर निदान झाले तर तो बहुधा औषधांनीच बरा होतो.

उपचारांसाठी दूर जाण्याची गरज नाही. परळचे केईएम रुग्णालय 1926 पासून उभे आहे आणि भारतातील फिजिओथेरपी शिक्षणाचा आरंभही तेथेच झाला. हाजीअली येथे 1955 मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. व्यायाम एकदा तज्ज्ञाकडून नीट शिकून घ्यावा आणि पुढे घरी करावा.

घरच्यांचा वाटाही मोठा आहे. ज्येष्ठांना ‘तुम्ही बसून राहा’ असे सांगणे मायेपोटी होते, पण त्यात त्यांचे हित नसते. जड पोते मुलाने उचलावे. पेढीपर्यंत चालत जाण्याचे काम मात्र वडिलांकडेच राहू द्यावे.