लंडनच्या सहलीतला राहून गेलेला पत्ता

हट्टा-वसमतकडून कुणी लंडनला निघाले की बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ब्रिज, लंडन आय हे ठरलेलेच. माझ्या मते या यादीत पहिला मान १०, किंग हेन्रीज रोड या घराला हवा. १९२१-२२मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन स्मारक केले. ‘त्यात बघण्यासारखे काय?’ हा आक्षेप येणारच. खरे आहे, विटांचे चारचौघांसारखे घर, भिंतीवर निळी गोल पाटी. पण राजवाडा तरी बहुतेकजण फाटकाबाहेरूनच बघतात ना! इथे आत जाता येते, आणि तेही सहज झालेले नाही: काही शेजाऱ्यांनी हरकती घेतल्या, स्थानिक कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली, ती अखेर २०२०मध्ये मिळाली.

वेळ नाही म्हणाल, तर चॉक फार्म स्टेशनवरून हे घर पायी गाठता येते. पुढे ब्रिटिश म्युझियमला जावे, मुख्य दालनांना तिकीट नाही. तिथल्या वाचनालयात बाबासाहेब अभ्यास करत. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांना मिळाली. निघण्याआधी स्मारकाची वेळ मात्र विचारून घ्यावी.