आधी पाखरू, मग फोटो

(सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)

आज आपण पक्ष्यांच्या फोटोंबद्दल बोलणार आहोत. मी हे काम आधी हौसेनं सुरू केलं आणि आता त्यातून अधूनमधून पैसेही मिळतात. "आम्हाला जमेल का?" आणि "कॅमेरा कुठला घ्यायचा?" असं बऱ्याच जणी विचारतात. पहिल्याचं उत्तर आहे, जमतं. दुसऱ्याचं उत्तर जरा थांबून देते, कारण सुरुवात कॅमेऱ्यापासून होत नाही. आपल्या दारात कोण येतं, हे ओळखण्यापासून होते.

पंधरा दिवस एक वही ठेवा. परसात, विहिरीवर, बांधावर जो पक्षी दिसेल तो लिहा. वेळ लिहा, तो काय करत होता तेही लिहा. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर किती वाजता येतो? दयाळ कुठल्या फांदीवर बसून गातो? वेडा राघू तारेवरून झेप घेऊन माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच तारेवर परत येतो. हे एकदा कळलं की त्याच्यामागे धावायचं काम उरत नाही. आपण आधीच तिथे बसायचं, तो येतो. चांगल्या फोटोचं अर्धं काम ही वहीच करते.

आता कॅमेरा. मोबाइलवर पक्षी लहान दिसतो, हे खरं. पण बगळ्यांचा थवा, नांगरामागे चालणारे बगळे, सुगरणीच्या घरट्यांनी लगडलेली बाभूळ, असे फोटो मोबाइलवरही छान येतात. पुढे जायचं असेल तर लांबचं जवळ आणणारा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा मिळतो, तो नवशिक्या बाईला पुरतो. लेन्स बदलता येणारा घ्यायचा तर ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स सुरुवातीला पुष्कळ झाली. वापरलेला कॅमेरा घ्यायलाही हरकत नाही, फक्त विकत घेण्याआधी त्यावर स्वतः शंभरेक फोटो काढून पाहा. कर्ज काढून मात्र घेऊ नका. या कामाचा पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही आणि हप्ता मात्र येतो.

चार गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, उजेड. सकाळी सूर्य वर आल्यापासूनचे दोन तास आणि संध्याकाळी मावळण्याआधीचे दोन तास उन्हात मऊपणा असतो. तुम्ही म्हणाल, सकाळी पाणी भरायचं, डबे करायचे, तेव्हा कसं जमणार? मग संध्याकाळ धरा. सूर्य आपल्या पाठीशी ठेवा, म्हणजे पिसांचा रंग दिसतो.

दुसरी, डोळा. बाकी काही पुसट आलं तरी चालतं, पण पक्ष्याचा डोळा स्पष्ट हवा. आणि शक्य असेल तेव्हा त्याच्या उंचीवर या. टिटवी जमिनीवर असेल तर आपणही खाली बसा. उभ्यानं काढलेल्या फोटोत फक्त तिची पाठ आणि माती येते.

तिसरी, वेग. उडत्या पक्ष्याला शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. शांत बसलेल्याला १/५०० चालतो. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. फोटोत थोडे दाणे येतील, पण हललेल्या फोटोपेक्षा ते परवडतात.

चौथी, पांढरा आणि काळा. बगळा उन्हात काढला की कापसाचा गोळा दिसतो, पिसं दिसतच नाहीत. तेव्हा कॅमेऱ्यावरच्या अधिक-उण्याच्या बटणानं उजेड थोडा उणा करा. मोबाइलवर बगळ्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खाली ओढा. काळा कोतवाल असेल तर उलट करा, थोडा उजेड वाढवा.

घर सोडून जाणं होत नसेल तर पक्ष्याला घरी बोलवा. मातीचं पसरट परळ घ्या, त्यात दोन बोटं पाणी ठेवा आणि ते रोज बदला. शेजारी एक वाळकी फांदी रोवा. पक्षी पाण्यावर उतरण्याआधी त्या फांदीवर बसतो. फांदीच्या मागे भिंत नको, पंधरा-वीस फूट मोकळी जागा हवी. मग मागचं सगळं विरघळल्यासारखं दिसतं आणि पक्षी उठून दिसतो. उन्हाळ्यात या एका परळावर बुलबुल, होला, दयाळ, साळुंकी असे कितीतरी पाहुणे येतात.

आता जे सांगायचं आहे ते नीट ऐका. घरट्याचा फोटो काढू नका.

शिंपी पक्षी पानं शिवून घरटं करतो. ती पानंच त्याची भिंत आणि तीच त्याचं छप्पर. फोटोत पिल्लं नीट दिसावीत म्हणून कुणी एक पान बाजूला केलं की ऊन आत येतं आणि कावळ्याला वाट दिसते. टिटवी उघड्या रानात अंडी घालते. आपण दहा मिनिटं जवळ उभ्या राहिलो तर ती दहा मिनिटं ओरडत फिरते आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात अंडी तापतात. आपल्याला एक फोटो मिळतो, तिचं त्या वर्षाचं घर बसतं. कायदाही हेच सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं येतं, तसंच अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणंही येतं. बंदूक हातात असावी लागत नाही.

घुबडाच्या ढोलीचा पत्ता तर कुणालाच देऊ नका. दिवाळीच्या अमावास्येच्या सुमाराला अंधश्रद्धेपोटी घुबडं पकडली जातात. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप होऊ शकते. फोटो पुढे पाठवण्याआधी ती सोय बंद करा.

भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यावर, हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला खूप लोक जातात. तिथले मच्छीमार नावेतून नेतात. त्या नावाड्याला "अजून जवळ घ्या, उडवा त्यांना" असं सांगणारे असतात. रोहित बसल्या जागेवरून पटकन उडत नाही. त्याला पाण्यावर धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. त्याच पाण्यावर पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडून. आल्यावर खायचं, अंगात चरबी साठवायची आणि परत जायचं, हा त्यांचा हिशोब. दर नावेला एकदा उडायचं म्हटलं तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जातं. म्हणून नावाड्याला आपणच आधी सांगायचं, "दादा, लांबच थांबवा, घाई नाही." गिऱ्हाईकच असं बोललं की त्यालाही बरं वाटतं, कारण पक्षी टिकले तर त्याचा रोजगार टिकतो.

अभयारण्यात फोटो काढायचे असतील तर वनखात्याची परवानगी आणि शुल्क विचारून घ्या. दुसऱ्याच्या शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. एकटीनं लांब जाऊ नका. कुठे जाते आणि कधी येईन, ते घरी सांगून जा.

आता पैशाचं. कृषी पर्यटन केंद्रं, दिनदर्शिका काढणारे, वर्तमानपत्रं, शाळांचे आणि संस्थांचे माहितीफलक, यांना फोटो लागतात. परदेशी वाघ-सिंह त्यांना कुठेही मिळतात. आपल्या तालुक्यातला, आपल्या तळ्यावरचा, तारीख आणि जागेसकट असलेला फोटो मात्र आपल्याकडेच असतो. इथे ती वही पुन्हा कामाला येते.

एका दिनदर्शिकेसाठी माझा खंड्याचा फोटो मागितला होता. मोबदला विचारला तर म्हणाले, "ताई, खाली तुमचं नाव छापू की!" असं तुम्हालाही ऐकावं लागेल, म्हणून हे माहीत असू द्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण आपल्या हौसेनं काढलेल्या फोटोचा हक्क आपला असतो. ही कृती माझी आहे, असं म्हणण्याचा हक्क तर फोटोचे हक्क विकल्यावरही आपल्याकडे राहतो. म्हणजे जे नाव ते मोबदला म्हणून देऊ करतात, ते आधीच आपलं आहे. मी तो फोटो दिला नाही.

पण एक फरक ओळखा. कुणी पैसे देऊन "आमच्या केंद्रावरच्या पक्ष्यांचे फोटो काढून द्या" असं काम सांगितलं, तर वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणून काम घेण्याआधीच लेखी ठरवा. फोटो कशासाठी वापरणार, किती वर्षं, दुसऱ्याला देता येईल का, आणि मला ते इतरत्र वापरता येतील का. हक्क विकताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. फक्त वापरायची परवानगी द्यायची असेल तर तीही लेखीच द्या. आणि व्यवहार ठरेपर्यंत मोठा मूळ फोटो पाठवू नका, लहान करून पाठवा.

ओळखीच्या माणसाकडे पैसे मागायला आपल्याला अवघड वाटतं. पण शिवणाची मजुरी आपण मागतो, पापडाचे पैसे मागतो. उन्हात तीन संध्याकाळ बसून काढलेल्या फोटोचेही मागावेत.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सालिम अलींचा. तोपर्यंत वही भरायला घ्या. आपल्या गावच्या वीस पक्ष्यांची नावं आणि त्यातल्या पाचांचे चांगले फोटो एवढं जमलं, तर त्या आठवड्यात शाळेच्या भिंतीवर प्रदर्शन लावता येईल. पोरं विचारतील, "हा पक्षी कुठं दिसतो?" तेव्हा तळ्याकडे बोट दाखवा. घरटं कुठे आहे ते मात्र सांगू नका.