प्लॉट घेताय? आधी एजंटचा महारेरा नंबर मागा

रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून द्यायचा तर एजंटचीही महारेराकडे नोंदणी लागते. १ जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही बंधनकारक आहे. नोंदणी नसताना व्यवहार केला तर एजंटला दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो.

मग दलाली किती द्यायची? रेरा कायद्याने टक्का ठरवलेला नाही, तो बोलून ठरतो. २० लाखांच्या प्लॉटवर २ टक्के म्हणजे ४० हजार रुपये. ते घेणारा देणार, विकणारा देणार की दोघं, आणि कधी, हे आधीच कागदावर लिहून घ्या. पैसे दिले की पावती घ्या. लिहिलेलं असलं तर एजंटचीही दलाली बुडत नाही.

अशा प्रकल्पात करारनामा रजिस्टर होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. एजंट घाई करत असेल तरी हे विसरू नका.

शेतकऱ्याने आपली शेतजमीन थेट विकली तर त्या व्यवहाराला रेरा लागू नाही. तिथे इसार देण्याआधी सातबारा आणि फेरफार स्वतः तपासा.