शाळेची बातमी घरापर्यंत

शाळेकडून घरी येणारा निरोप बहुधा तीनच गोष्टींचा असतो : फी कधी भरावी, सुट्टी कधी आहे आणि पालकसभेला किती वाजता यावे. मूल वर्गात काय शिकले, कोठे अडखळले, याविषयी त्यात सहसा काही नसते. संध्याकाळी आई विचारते, "आज काय शिकवलं?" उत्तर येते, "काही नाही." ही दरी बुजवण्याचे एक साधन म्हणून वर्गाच्या ब्लॉगचा विचार व्हावा, असे आम्हांला वाटते.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरील तारीखवार वही. नवी नोंद सर्वांत वर येते, जुनी खाली जपून राहते. १९९९ साली 'ब्लॉगर' आणि २००३ साली 'वर्डप्रेस' ही साधने आली व संगणकाची भाषा न शिकताही अशी वही चालवणे शक्य झाले. शाळेचे संकेतस्थळ पुष्कळदा एकदा तयार होते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते. ब्लॉगमध्ये मात्र वर्गशिक्षक आपली नोंद स्वतः लिहितात, त्यामुळे ती ताजी राहते.

व्हॉट्सॲप असताना हे कशाला, असे कोणी विचारील. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा पालकांचे गट फार उपयोगी पडले. परंतु गृहपाठाची सूचना तेथे शुभेच्छांच्या गर्दीत हरवते, आणि शिक्षकांचा खासगी क्रमांक सर्वांच्या हाती जातो. तातडीचा निरोप फोनवर द्यावा. पुन्हा पाहावी लागणारी नोंद ब्लॉगवर ठेवावी. पहाटे भाजी वा मासळी घेऊन बाजार गाठणारी आई आणि आखाती देशात नोकरीस असलेले वडील यांना पालकसभेला येता येत नाही. सवडीने वाचता येईल अशी नोंद त्यांनाही वर्गाच्या दारापर्यंत आणते.

नोंद मोठी नको. आठवड्यातून एकदा दहा ओळी पुरेत. उदाहरणार्थ : 'या आठवड्यात अपूर्णांक शिकलो. घरी भाकरीचे चार समान भाग करा आणि पाऊण भाकरी कोणती ते मुलाला विचारा.' एवढ्याने स्वयंपाकघरात गणिताचा धडा सुरू होतो.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. वसई परिसरात अनेक घरांत सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते, शाळेचे पत्र मात्र इंग्रजीत येते. मग त्या पत्राचा अर्थ आईला कोण सांगते? बहुधा ज्याच्याविषयी ते लिहिले आहे, ते मूलच! म्हणून इंग्रजी माध्यमाच्या शाळेनेही ही नोंद सोप्या मराठीत लिहावी. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही, त्यांच्यासाठी तीच नोंद छापून शाळेच्या फलकावर लावावी.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. मुलांची पूर्ण नावे, पत्ते, गुण व छायाचित्रे सर्वांसाठी खुली ठेवू नयेत; ठरावीक वाचकांनाच प्रवेश देण्याची सोय या साधनांत आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. एखाद्या मुलाची तक्रार वा कमतरता तर ब्लॉगवर कधीच लिहू नये. ती पालकांशी समोरासमोर बोलावी.

मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांना नियमित भेटून कळवावी, असे कर्तव्य २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांवर सोपवले. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. तथापि आपल्या शाळांना त्यापूर्वीच एक दिशा मिळालेली आहे : आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात स्पष्ट केले. पहिल्या शिक्षकालाच वर्गात काय चालले आहे हे ठाऊक नसेल, तर त्याने आपले काम करावे तरी कसे? येत्या पालकसभेत पालकांनी हा विषय अवश्य मांडावा. आरंभ एका वर्गापासून आणि दहा ओळींपासून करता येईल.