पावसाळी ताप (लेखांक ६) : डेंगीचा धोका ताप उतरल्यावर

गेल्या आठवड्यात एडिस डास चावल्यापासून ताप चढेपर्यंतचे दिवस आपण पाहिले. चार ते दहा दिवसांनी अचानक भरणारा ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, मोडून आलेले अंग आणि रक्त तपासले की डेंगीची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह. इथून पुढे रुग्णाच्या घरी एकच प्रश्न ऐकू येतो : प्लेटलेट्स किती? आकडा ऐंशी हजारांवर आला की काळजी लागते, चाळीस हजारांवर आला की धावपळ सुरू होते. व्हॉट्सॲपवर ‘तातडीने एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेट्स) हवे’ असे निरोप फिरतात, ब्लड बँकेच्या फेऱ्या होतात, कुणी पपईची पाने शोधायला निघतो. या धावपळीमागची माया आणि भीती खरी आहे, तिचा रोख मात्र चुकतो. डेंगीत जीव जातो तो बहुतेक वेळा रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांमधून बाहेर झिरपल्यामुळे. म्हणून रुग्णालयात पहारा हवा तो या झिरपण्यावर, आणि तोही नेमका ताप उतरत असताना.

साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो. बहुतेक रुग्ण इथून सरळ बरे होतात. काहींच्या बाबतीत मात्र याच सुमारास सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सैल पडते. रक्तातला प्लाझ्मा पोटात आणि फुफ्फुसांच्या आवरणात साचू लागतो. तांबड्या पेशी आतच राहतात, त्यामुळे रक्त दाट होते. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये हे दाटपण हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही या नावाने छापलेले असते. ४० असलेला हा आकडा ४८ झाला, म्हणजे मूळच्या २० टक्के वाढला, की झिरपणे मोठे आहे असे समजतात. रक्तदाबाचेही तसेच. सकाळी ११०/७० होता, दुपारी १००/८० झाला. वरचा आकडा शंभर दिसल्यामुळे घरच्यांना हायसे वाटते, पण दोन आकड्यांमधले अंतर ४० वरून २० वर आलेले असते आणि ही शॉकची खूण आहे. रुग्ण तेव्हाही शुद्धीवर असतो, बोलतो, कधी घरी सोडा म्हणून हट्टही धरतो. हातपाय गार पडलेले असतात, लघवी कमी झालेली असते, पोटात दुखत असते, उलट्या थांबत नसतात. थर्मामीटर मात्र नॉर्मल दाखवते. ताप गेला म्हणून डिस्चार्ज मागण्याची घाई नेमकी याच वेळी होते.

लक्ष द्रवावर ठेवल्याने काय साधते, याचा सर्वांत मोठा पुरावा आग्नेय आशियाच्या इतिहासात आहे. मनिलामध्ये १९५३-५४ साली आणि बँकॉकमध्ये १९५८ साली लहान मुलांमध्ये रक्तस्रावी डेंगीच्या मोठ्या साथी आल्या. बँकॉकच्या बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मन्नित्य यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षे बारकाईने अभ्यास केला. आजार कोणत्या टप्प्यात आहे हे ओळखून मोजून सलाइन देण्याची पद्धत तिथल्या अनुभवातून घडली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आली. गंभीर डेंगीवर उपचार झाले नाहीत तर मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाऊ शकते. योग्य उपचारांनी ते एका टक्क्याच्या खाली येते. डेंगीच्या विषाणूला मारणारे औषध आजही रोजच्या वापरात नाही. एवढा फरक पडला तो वेळेवर केलेल्या निदानाने, परिचारिकेच्या तक्त्याने आणि सलाइनच्या नेमक्या वेगाने.

‘पण प्लेटलेट्स कमी झाल्या तर रक्तस्राव होणारच, मग आधीच का चढवू नयेत?’ हा आक्षेप रास्त वाटतो. सिंगापूर आणि मलेशियातील पाच रुग्णालयांनी तो थेट तपासला. प्लेटलेट्स वीस हजार किंवा त्याहून कमी झालेल्या ३७२ प्रौढ रुग्णांपैकी निम्म्यांना प्लेटलेट्स दिल्या, उरलेल्यांना केवळ नेहमीचे उपचार. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : रक्तस्रावाचे प्रमाण एका गटात २१ टक्के, दुसऱ्यात २६ टक्के, हा फरक ठोस मानता येण्याजोगा नव्हता. उलट त्रासदायक परिणाम प्लेटलेट्स दिलेल्यांमध्ये १३ आणि न दिलेल्यांमध्ये दोनच नोंदले गेले. याचे कारण समजण्यासारखे आहे. रुग्णाच्या स्वतःच्या प्लेटलेट्स ज्या प्रक्रियेत नष्ट होत असतात, तिच्यातून बाहेरून दिलेल्याही सुटत नाहीत. शिवाय डेंगीतला मोठा रक्तस्राव बहुधा लांबलेल्या शॉकच्या मागून येतो. रक्तस्राव चालू असेल तर रक्त किंवा प्लेटलेट्स द्याव्याच लागतात, त्याबद्दल वाद नाही. रक्तस्राव नसताना आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी धरलेली मर्यादा दहा हजारांखालची आहे. चाळीस हजार तिच्यापासून बरेच दूर आहेत. मग रोज प्लेटलेट्स मोजतात कशाला? त्या झपाट्याने घसरत असतील आणि त्याच वेळी पीसीव्ही चढत असेल, तर झिरपणे सुरू झाल्याचा तो इशारा असतो. आकडा वाचायचा तो जोडीने.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : द्रवच जातो आहे तर पहिल्या दिवसापासून भरपूर सलाइन लावावे. हेही धोक्याचे. झिरपणे साधारण २४ ते ४८ तास चालते, मग बाहेर गेलेला द्रव आपोआप रक्तात परततो. त्या वेळी सलाइन तसेच धो धो चालू राहिले तर पाणी फुफ्फुसांत उतरते आणि धाप लागते. बऱ्या होणाऱ्या माणसाला उपचारानेच अडचणीत आणण्याचा हा प्रकार आहे. म्हणून नाडी, रक्तदाब, लघवी आणि पीसीव्ही पाहून सलाइनचा वेग पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. ‘दवाखान्यात नुसते सलाइन तर लावले’ असे म्हणणाऱ्यांनी या नोंदींचा तक्ता एकदा पाहावा. माझ्या मते डेंगीच्या वॉर्डातली सर्वांत मोलाची वस्तू तो तक्ताच आहे. साथीच्या दिवसांत एका परिचारिकेवर खाटांमागून खाटा सोपवणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे आहे.

पपईच्या पानांच्या रसाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. त्याने प्लेटलेट्सचा आकडा थोडा लवकर वाढतो असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे; शॉक टळतो किंवा जीव वाचतो असे सिद्ध झालेले नाही. ओकाऱ्यांनी हैराण झालेल्या माणसाला तो कडू रस पाजण्यापेक्षा ओआरएस, पेज, शहाळ्याचे पाणी, पातळ ताक घोटघोट द्यावे. निकाराग्वात झालेल्या एका अभ्यासात घरी तोंडाने पुरेसे द्रव घेतलेल्या रुग्णांवर भरती होण्याची वेळ कमी आल्याचे दिसले होते. तापाला पॅरासिटामॉल, तेही मापात. अंगदुखी सहन होत नाही म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नये. त्यांनी रक्तस्राव वाढतो.

बरे होण्याची चाहूल रिपोर्टच्या आधी रुग्णच देतो. भूक लागते, लघवी मोकळी होते, अंगावर लालसर पुरळ उठून तळहात-तळपाय खाजतात. प्लेटलेट्स त्यामागून आपणहून चढतात. थकवा मात्र काही आठवडे रेंगाळतो, तेवढी रजा त्या माणसाला द्यायला हवी.

घरात कुणाला डेंगी झाला तर डॉक्टरांना प्लेटलेट्सबरोबर पीसीव्ही किती, रक्तदाबाच्या दोन आकड्यांत अंतर किती आणि लघवी किती झाली, हेही विचारा. आणि ताप उतरल्यानंतरचे ४८ तास रुग्णाला एकटे सोडू नका. पुढील आठवड्यात लेप्टोस्पायरोसिस.