विद्यार्थी संघटनेतून उभी राहिलेली वास्तुविशारदांची संस्था

व्यावसायिक संस्था आधी स्थापन होते आणि विद्यार्थ्यांसाठी आपली दारे ती पुढे कधीतरी सवडीने उघडते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. आपल्याकडे वास्तुविशारदांच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा होता. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांनी मे १९१७ मध्ये एकत्र येऊन ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’ स्थापन केली. आज देशभर शाखा असलेल्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ या संस्थेचे मूळ या छोट्याशा विद्यार्थी संघटनेत आहे.

या तरुणांनी पहिले अध्यक्ष म्हणून निवडले ते जॉर्ज विटेट यांना. विटेट त्या वेळी मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद होते. गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, या त्यांच्याच रचना. सरकारदरबारी वजन असलेला ज्येष्ठ आणि हाती नुकतीच पदविका पडलेले तरुण यांची ही सांगड दोन्ही पक्षांना सोयीची होती. तरुणांना प्रतिष्ठा हवी होती, तर ज्येष्ठांना जाणते सहकारी. पुढे १९२२ मध्ये संघटनेचे नाव ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झाले, १९२५ मध्ये लंडनच्या ‘रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स’शी ती संलग्न झाली आणि १९२९ मध्ये तिने आजचे नाव धारण केले. नावातील ‘विद्यार्थी’ हा शब्द पाच वर्षांतच गळाला, ही बाब बोलकी आहे. माणूस स्थिरस्थावर झाला की आपण कधी उमेदवार होतो, हे विसरू लागतो. संस्थाही त्याला अपवाद नसतात.

तथापि, भागीदारीची सवय सुटली नाही. १९३७ मध्ये संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरविले. फ्लॅटमधील राहणी मुंबईकरांच्या अंगवळणी पडू लागली होती, तो हा काळ. आधुनिक घर कसे असावे, हे सामान्य नागरिकाला प्रत्यक्ष दाखविण्याच्या या उपक्रमात बांधकाम आणि गृहोपयोगी वस्तूंचे उत्पादकही सहभागी होते. वास्तुविशारद हा केवळ संस्थानिकांचा आणि सरकारचा माणूस नसून मध्यमवर्गीयालाही त्याची गरज आहे, हा विचार त्यातून रुजला. व्यवसायाचे क्षेत्र असे विस्तारते, तेव्हाच नवोदितांना कामे मिळतात.

आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२ मुळे चित्र पालटले. नोंदणी आणि शिक्षणाचे किमान निकष ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ या वैधानिक परिषदेकडे गेले. ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावायचे तर परिषदेची नोंदणी अनिवार्य, इन्स्टिट्यूटचे सदस्यत्व मात्र ऐच्छिक. (मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायदा संरक्षण देतो ते बिरुदाला, वास्तुरचनेचे काम इतरांनी करण्यावर तो बंदी घालत नाही.) साहजिकच पदवीधर विचारतो, ‘कायद्याने लागत नाही, मग वर्गणी कशासाठी भरू?’ हा प्रश्न उर्मट नाही. ऐच्छिक सदस्यत्वावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्याचे उत्तर द्यायला हवे.

उत्तराचा एक भाग विद्यार्थ्यांनी स्वतःच शोधला आहे. १९५७ पासून कार्यरत असलेली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ स्टुडंट्स ऑफ आर्किटेक्चर’, म्हणजेच बोलीभाषेतील ‘नासा’, ही विद्यार्थ्यांनी चालविलेली संघटना. वार्षिक संमेलन आणि करंडक स्पर्धा हे तिचे मुख्य उपक्रम. त्यांपैकी लुई कान यांच्या नावाच्या करंडकासाठी विद्यार्थी जुन्या वास्तूंचे दस्तऐवजीकरण करतात. टेप, दोरी आणि ओळंबा घेऊन एखाद्या वाड्याच्या चौकात दिवसच्या दिवस काढायचे, खांब-तुळयांची मापे घ्यायची आणि कागदावर ती वास्तू पुन्हा उभी करायची, असे हे काम आहे. वाडा उद्या पाडला गेला, तरी त्याची मोजमापे उरतात. ‘हुडको’च्या नावाच्या करंडकाच्या रूपाने गृहनिर्माण क्षेत्रातील एक सरकारी महामंडळही या स्पर्धांशी जोडले गेले. परीक्षक म्हणून येणाऱ्या व्यावसायिकांसमोर आपला आराखडा मांडताना विद्यार्थ्याला जे ऐकावे लागते, ते महाविद्यालयात क्वचितच ऐकायला मिळते.

प्रत्येक भागीदारी अशी फलदायी असते, असे नव्हे. फरशा, काच किंवा रंगाच्या कंपनीने प्रायोजित केलेले ‘व्याख्यान’ पुष्कळदा उत्पादनाची जाहिरात ठरते. विद्यार्थ्याच्या पदरी पिशवी आणि माहितीपत्रक पडते. अशा कार्यक्रमांची संख्या अहवालात शोभून दिसते, इतकेच.

खरी कसोटी प्रशिक्षणाच्या सत्रात लागते. पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमातील काही काळ विद्यार्थ्याने कार्यालयात प्रत्यक्ष काम करून अनुभव घ्यायचा असतो. त्या काळात काय शिकवायचे आणि किती विद्यावेतन द्यायचे, हे अनेक ठिकाणी कार्यालयाच्या मर्जीवर राहते. काही ठिकाणी विद्यार्थी महिनोन्‌महिने केवळ संगणकावर रेषा ओढत बसतो, तोही विनामूल्य. मुंबई-पुण्यात खोलीचे भाडे भरून असे राबणे खेड्यातून आलेल्या मुला-मुलींना परवडणारे नाही. मग चांगले कार्यालय त्यांनाच मिळते, ज्यांच्या घरी पैसा आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेने आर्टिकलशिपसाठी किमान विद्यावेतन नियमानेच ठरवून दिले आहे. ती रक्कम फार मोठी नाही. पण ती मागण्यासाठी उमेदवाराला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. वास्तुविशारदांच्या संस्थेला महाविद्यालयांशी आणि आपल्याच सदस्यांच्या कार्यालयांशी असा करार करणे अशक्य नाही. सदस्य तिचे, कार्यालये त्यांची, आणि उद्याचे वर्गणीदारही याच विद्यार्थ्यांतून यायचे आहेत.